घसा पाहणाऱ्याने दातही पाहावेत

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बीड जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत मिळून ३१ वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी करताना मी किती हजार लहान मुलांना ‘आ कर’ म्हटले असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. परंतु त्या प्रत्येक वेळी माझी नजर दात ओलांडून थेट घशाकडे गेली, एवढे मात्र मला स्वच्छ आठवते. टॉन्सिल सुजले आहेत का, गालाच्या आतल्या बाजूला गोवराचे पांढरे ठिपके आहेत का, जीभ कोरडी पडली आहे का, हे मी पाहत असे आणि केसपेपरवर लिहीत असे. वरच्या चार दातांवर हिरडीलगत उमटलेली खडूसारखी पांढरी रेघ मला दिसत नसे, कारण ती पाहायला मला कोणी शिकवले नव्हते, ती पाहिली की नाही हे कोणी विचारणार नव्हते आणि पाहिली असती तरी पुढे करायला माझ्या टेबलावर काही नव्हते. निवृत्तीनंतर नातवाच्या दातांच्या निमित्ताने या विषयाचे वाचन झाले आणि आपल्या हातून काय राहून गेले, ते ध्यानात आले. लहान मुलांचे दात पाहून त्यांना फ्लोराइडचा लेप लावण्याचे काम दंतवैद्य नसलेल्या डॉक्टरांनाही मोबदला देऊन सोपवावे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

दुधाच्या दातांना कीड लागणे ही एका रात्रीत घडणारी गोष्ट नाही. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात पूर्ण होतात. याच काळात आईच्या किंवा सांभाळणाऱ्या बाईच्या उष्ट्या चमच्यातून कीड लावणारे जंतू बाळाच्या तोंडात येतात, साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात सर्वांत आधी जातात. आपल्या खेड्यांत बाटली घरोघरी नसेल, पण चहात बुडवलेली खारी आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षभराच्या पोराच्या हातातही असतो. आई कापूस वेचायला गेली की रडे थांबवण्याचा दुसरा कोणता उपाय आजीजवळ असणार? मी तिला दोष देत नाही. मुद्दा असा की, हिरडीलगतची ती पांढरी रेघ दिसते तेव्हा दाताचे कवच भुसभुशीत झालेले असते, पण खड्डा पडलेला नसतो. त्या वेळी दाताला फ्लोराइड मिळाले आणि गोडाचा मारा कमी झाला तर ते कवच पुन्हा घट्ट होऊ शकते. एकदा खड्डा पडला की ते काम दंतवैद्याचेच.

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य मी बाह्यरुग्ण विभागात इतक्यांदा ऐकले आहे आणि, खोटे कशाला बोलू, स्वतःही उच्चारले आहे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका तांड्यावरची साडेतीन वर्षांची मुलगी गाल सुजून तिसऱ्यांदा माझ्याकडे आली. आधीच्या दोन्ही वेळी मी प्रतिजैविकाचे औषध देऊन तिची बोळवण केली होती. तिसऱ्या वेळी डोळ्याखालपर्यंत सूज पाहून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तेथून तिला आणखी मोठ्या रुग्णालयात धाडण्यात आले आणि तेथे पूर्ण भूल देण्यासाठी तारीख मिळाली ती बऱ्याच दिवसांनंतरची. अखेर सहा दात काढावे लागले. बापाचे किती रोज बुडाले ते त्यानेच सांगावे. मुलगी मात्र पुढे दोन वर्षे भाकरी दुधात कुस्करूनच खात होती. दुधाची दाढ वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायची असते, ती पुढच्या दाढेची जागा राखते आणि मुख्य म्हणजे वाढत्या वयातले जेवण तिच्यावर चालते, एवढे साधे ज्ञान मी तिच्या आईला दोन वर्षे आधी देऊ शकलो असतो. त्या वयात ती मुलगी लसीकरणासाठी माझ्याच केंद्रात आली होती.

अशी मुले अपवादाने सापडतात असेही नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या दातांत कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

आता प्रश्न असा की, तीन वर्षांच्या आतल्या मुलाचे दात पाहायचे कोणी? आपल्या देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि पदवी घेऊन काम शोधणाऱ्या तरुण दंतवैद्यांची कमतरता नाही, हे मला माहीत आहे. परंतु त्यांचे दवाखाने शहरांत आणि तालुक्याच्या बाजारपेठेत आहेत, आणि तेथेही दाढ ठणकल्याशिवाय कोणी पायरी चढत नाही. दीड वर्षाच्या मुलाला ‘दात नीट आहेत ना’ एवढे विचारायला दंतवैद्याकडे नेणारी आई मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शोधून सापडणार नाही. तेच मूल मात्र सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, पुढे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीसाठी आणि सोळाव्या महिन्यानंतर बूस्टरसाठी उपकेंद्रात येते. जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा सोळाव्या महिन्याच्या सुमारास आणि तेथून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण नऊ डोस त्याला द्यायचे असतात. जंताच्या गोळीसाठी फेब्रुवारी आणि ऑगस्टमधले दिवस ठरलेले आहेत. म्हणजे मुलाचे तोंड सहा महिन्यांतून एकदा आपल्या माणसांसमोर उघडतेच. चमच्याने औषध आत जाते आणि तोंड मिटते. दात तेवढे पाहायचे राहतात.

नेमकी हीच अडचण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने सुमारे २५ वर्षांपूर्वी ओळखली. तेथे गरीब कुटुंबांसाठी मेडिकेड नावाची १९६५ पासूनची सरकारी योजना आहे, पण तिचे दर कमी असल्याने अनेक दंतवैद्य त्या योजनेतील मुले घेत नाहीत. मेरीलँड राज्यात २००७ मध्ये १२ वर्षांच्या एका मुलाच्या दातातला संसर्ग मेंदूपर्यंत पोचून तो दगावला. साधा दात वेळेवर काढला गेला असता तर वाचला असता, अशी हळहळ तेव्हा त्या देशभर व्यक्त झाली. श्रीमंत देशातही हे होते, एवढ्यासाठीच हा उल्लेख. नॉर्थ कॅरोलायनाने काय केले, तर बालरोगतज्ज्ञ आणि कुटुंबाचे डॉक्टर यांना थोडे प्रशिक्षण देऊन साडेतीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांची तपासणी, पालकांना सल्ला आणि फ्लोराइड व्हार्निशचा लेप या तीन कामांसाठी मेडिकेडमधून पैसे देण्यास सुरुवात केली. एका मुलामागे जास्तीत जास्त सहा भेटींचे पैसे मिळतात. यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली अट अशी की, तपासणी आणि लेप ही कामे एकत्र झाली तरच देयक मंजूर होते. नुसते तोंड पाहून बिल लावता येत नाही.

हा लेप म्हणजे पाच टक्के सोडियम फ्लोराइड असलेला, राळेसारखा चिकट पदार्थ असतो. त्यासाठी खुर्ची लागत नाही, वीज लागत नाही, भूल तर नाहीच. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल आईच्या मांडीवर उताणे आणि त्याचे डोके डॉक्टरच्या मांडीवर. फडक्याने दात कोरडे करायचे, छोट्या ब्रशने लेप फिरवायचा, झाले. दोन-तीन मिनिटांचे काम. मूल रडते, पण रडताना तोंड उघडे राहते, त्यामुळे तेही सोयीचेच. त्या दिवशी कडक आणि गरम खाणे टाळायचे, दात दुसऱ्या दिवशी घासायचे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदल या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पहिला दात आल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी प्राथमिक डॉक्टरांनी हा लेप लावावा, अशी शिफारस केली, आणि आज तेथील सर्व ५० राज्यांत मेडिकेड या कामाचे पैसे दंतवैद्य नसलेल्या डॉक्टरांनाही देते.

याचा उपयोग किती झाला, हे सांगताना मी हातचे राखून बोलणार आहे, कारण सरकारी योजनांचे ढोल मी पुष्कळ ऐकले आहेत. नॉर्थ कॅरोलायनात ज्या मुलांच्या चार किंवा अधिक भेटी झाल्या, त्यांना सहा वर्षांपर्यंत किडीसाठी कराव्या लागलेल्या उपचारांत सरासरी १७ टक्के घट दिसली. १७ टक्के म्हणजे जादू नव्हे. कार्यक्रमाचा सगळा खर्च उपचारांच्या बचतीतून भरून निघतो, असेही तेथील अभ्यासक छातीठोकपणे म्हणत नाहीत. परंतु ज्या मुलीचे सहा दात मी माझ्या चुकीने जाऊ दिले, तिच्यासारख्या दर सहा मुलांमागे एकीची जरी सुटका होत असेल, तर जमाखर्चाच्या वहीत ती कोठे मांडायची, हे वहीवाल्यांनी ठरवावे.

काही वाचक विचारतील की, सरकारी डॉक्टरला पगार मिळतो, मग वेगळे पैसे कशाला? हा आक्षेप मला मान्य नाही आणि तो का मान्य नाही, हे आतून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. मोबदल्याविना आलेल्या कामाचे काय होते? वरून परिपत्रक येते, नोंदवहीत एक रकाना वाढतो, महिनाअखेरीस अहवाल पाठवण्याच्या दिवशी तो रकाना भरला जातो. मीही भरलेले आहेत. याउलट ज्या कामाला भेटीगणिक मोबदला आहे, ते काम होते, कारण त्याचा पाठपुरावा करणारेही उत्पन्न होतात. लहान बाळाच्या गृहभेटींसाठी आशाताईला तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातील पाच भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वेळेवर मिळत नाही ही तक्रारही खरी, तरीही भेट झाली नाही तर कोणीतरी विचारते. क्षयरोगाच्या कार्यक्रमात खासगी डॉक्टरने रुग्णाची नोंद कळवली की ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवला की आणखी ५०० रुपये, अशी तरतूद झाली, कारण निव्वळ सक्तीने खासगी दवाखान्यांतल्या रुग्णांचा पत्ता लागत नव्हता. तीच रीत दातांना लावायला काय हरकत आहे?

मराठवाड्यातील खेड्यांत खासगी डॉक्टरचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तापाने फणफणलेले मूल रात्री नऊ वाजता जाते ते बाजाराच्या गावातल्या बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरकडे, आणि आई त्याचा शब्द आमच्यापेक्षा अधिक मानते. त्याला एका दिवसाचे प्रशिक्षण, लेपाची कुपी शासनाकडून आणि प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम दिली, तर तो हे काम आमच्याहून नेटके करील. अर्थात हे काम त्याच्या आणि आरोग्यसेविकेच्या कक्षेत बसते, असे स्पष्ट परिपत्रक आधी निघायला हवे. नाहीतर उद्या दंतवैद्यांची संघटना आणि डॉक्टरांची संघटना यांचे भांडण मुलांच्या तोंडावर येऊन थांबायचे.

सरकारी बाजूला तर नवी यंत्रणा उभारावीच लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याच्या पथकात दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि आरोग्यसेविका असतात. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी त्यांनी करायची असते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दंतक्षय पहिल्यापासून आहे. म्हणजे गाडी आहे, डॉक्टर आहे, यादी आहे आणि मूलही समोर बसलेले आहे. पथक तोंड उघडून पाहते, कार्डावर ‘दंतक्षय, संदर्भित’ असे लिहिते आणि पुढच्या अंगणवाडीला जाते. ती चिठ्ठी घेऊन किती आया एसटीने जिल्ह्याला जातात, हे मी सांगण्याची गरज नाही. त्या चिठ्ठीऐवजी, किंवा तिच्या जोडीला, तेथल्या तेथे लेप लावायचा आणि त्याबद्दल पथकाला मुलामागे मोबदला द्यायचा, एवढीच माझी मागणी आहे. अंगणवाडी भेट सहामाही, लेपही सहामाही. वेळापत्रक आपोआप जुळते. खड्डा पडलेल्या दातांसाठी मात्र ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील दंतवैद्याचा ठरावीक वार या मुलांसाठी राखून ठेवावा, नाहीतर तपासणी ही नुसती वाईट बातमी देण्याची सोय होऊन बसेल.

राज्याने मुखआरोग्याकडे अगदीच पाठ फिरवली आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. स्वच्छ मुख अभियानासाठी २०२३ मध्ये खुद्द सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमण्यात आले. फलकावरचा सचिन पाहून शाळकरी मुले दात घासतील तर आनंदच आहे; नऊ महिन्यांच्या बाळाला फलक दिसत नाही, आणि त्याच्या आईला कोणीतरी समोर बसून सांगावे लागते. उपचारांवर पैसा खर्च करायलाही राज्य मागे हटलेले नाही. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत झाली, तेव्हा त्यात आपला नांदेडही होता. रुग्णालयात दाखल झाल्यावरची शस्त्रक्रिया मोफत करण्याची पद्धत आपण बसवली. दाखल होण्याची वेळ येऊ न देणाऱ्या डॉक्टरला पैसे देण्याची पद्धत बसवायची राहिली आहे.

फ्लोराइड म्हटल्यावर मराठवाड्यातील वाचकाच्या मनात पहिली शंका येईल ती नांदेड जिल्ह्यातल्या किनवटची, आणि ती रास्त आहे. किनवट तालुक्यातील गावांत बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे तपकिरी पडलेले दात आणि वाकलेली हाडे लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेथे फ्लोराइडचा लेप घेऊन गेलात तर लोक हाकलून देतील. म्हणून हिशेब मांडून सांगतो. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे, ही आपल्या मानकाची कमाल मर्यादा आहे. तीन मिलिग्रॅम असलेले पाणी रोज एक लिटर पिणाऱ्या मुलाच्या पोटात महिन्याला ९० मिलिग्रॅम जातात, आणि महिन्यामागून महिने जात राहतात. तान्ह्या मुलाच्या लेपाला पाव मिलिलिटर पुरतो, त्यात साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असते, आणि तेही सहा महिन्यांतून एकदा, दाताला चिकटून हळूहळू सुटणारे. अमेरिकेतील शिफारसही पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाण पाहून बदललेली नाही. तरीसुद्धा किनवटसारख्या भागात आधी शुद्ध पाणी आणि मगच लेप, तोही छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या संस्थेचा सल्ला घेऊन, असाच क्रम ठेवावा, असे माझे मत आहे. पेस्ट वापरणाऱ्या घरांत तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी, हे तर सर्वत्रच सांगायला हवे. जाहिरातीत ब्रशभर पेस्टचा तुरा दाखवतात, त्याला भुलू नये.

पैसे आले की कागदावरची मुलेही येतात, याची मला पूर्ण कल्पना आहे. लेप एक-दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे नंतर दात पाहून कोणी खरे-खोटे करू शकत नाही. यावर मला सुचलेला उपाय जुनाच आहे. पल्स पोलिओच्या वेळी डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीवर आपण शाई लावतो आणि दुसरे पथक घरोघर जाऊन करंगळ्या पाहते; तशीच शाई येथेही लावावी, आईजवळच्या माता व बाल संरक्षण कार्डावर तारीख आणि सही करावी आणि मोबदला देण्यापूर्वी दर शंभरातली काही घरे दुसऱ्या केंद्राच्या आरोग्यसेविकेने पाहावीत. रकमेबाबत माझा आग्रह नाही. आशाताईच्या गृहभेटीचा दर ५० रुपये आहे. तेवढेच एका लेपासाठी ठरवले आणि ते लेप लावणारी सेविका, तिच्यावर देखरेख करणारा डॉक्टर आणि मुलाला बोलावून आणणारी आशा यांच्यात वाटले, तरी सुरुवातीला पुरेल. मात्र ते पैसे त्याच महिन्यात द्यावेत. सहा महिने रखडलेला मोबदला हा मोबदला न देण्यापेक्षा वाईट असतो, कारण त्यामुळे पुढच्या प्रत्येक योजनेवरचा विश्वास उडतो.

शेवटी वेळापत्रकाबद्दल एक विनंती, जी मुंबईत बसून सुचण्यासारखी नाही. बीड, धाराशिव, परभणी, जालना या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. त्या पाच-सहा महिन्यांत तान्ही मुले कारखान्याच्या तळावर, उसाच्या फडात असतात आणि अंगणवाडीच्या हजेरीपटावर नुसती नावे उरतात. हिवाळ्यात अंगणवाडी तपासणीला गेलेल्या पथकाला, दातांच्या तपासणीची सर्वांत जास्त गरज असलेली हीच मुले भेटत नाहीत. म्हणून ऊसतोड गावांसाठी पहिली फेरी टोळ्या गाड्यांत बसण्यापूर्वी, सप्टेंबरमध्ये, आणि दुसरी एप्रिलमध्ये ठेवावी, आणि लेपाची नोंद आईच्या हातातल्या कार्डावर असावी, म्हणजे ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोणत्याही तळावर असली तरी तेथल्या डॉक्टरला कळेल. राज्यभर सुरू करणे जड वाटत असेल तर अशा एखाद्या ऊसतोड तालुक्यापासून सुरुवात करावी; प्रशिक्षणाला माणूस कमी पडला तर मी माझ्या खर्चाने यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
ता. केज, जि. बीड